स्पार्क प्लग घरीच बदल रे, सर्व्हिस सेंटरला कशाला पैसे देतोस

प्लग बदलायला मेकॅनिक लागत नाही भावा, वॅगनआर, स्विफ्टसारख्या पेट्रोल गाडीत प्रत्येक सिलेंडरवर कॉइल (प्लगला करंट देणारा भाग, प्लग हिच्या खालीच) असते, १० चा बोल्ट काढला की हलवत हलवत वर येते. फक्त इंजिन पूर्ण थंड होऊ दे, गरम ॲल्युमिनियम हेडमधून (इंजिनाचा वरचा भाग) प्लग काढताना आटे गेले तर खर्च पार डोक्यावर जाईल. प्लग ढिला करायच्या आधी त्याच्या खड्ड्यातली धूळ हवा मारून उडव, नाहीतर सगळा कचरा सिलेंडरमध्ये. नवीन प्लगला पान्याची घाई नको, आधी एक्स्टेन्शनला (लांब दांडा) सॉकेट लावून नुसत्या बोटांनी फिरव, अडकला तर उलटा काढून परत लाव. हाताने टेकल्यावर नवीन वॉशरवाल्या प्लगला साधारण अर्धा फेरा बास, लोक इथे ताकद दाखवतात आणि वाट लावतात.

जुना प्लग फेकायच्या आधी टोक बघ, फिकट तपकिरी म्हणजे मस्त, सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय (आधी एअर फिल्टर बघ), आणि ओलं तेलकट असेल तर मात्र मेकॅनिकच गाठ. गॅप (प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते ती फट) मॅन्युअलमध्ये असतो तोच ठेव, इरिडियमच्या टोकाच्या प्लगला गॅप करायला जाऊ नकोस, टोक नाजूक असतं. एका वेळी एकच प्लग, म्हणजे कॉइलची अदलाबदल होत नाही.