मंत्र, आजोबा आणि सात बाटल्या

प्रश्न : ताई, आमच्याकडे सध्या हॅरी पॉटरवरून रोज रात्री वाद. मुलगा नऊ वर्षांचा, इंग्लिश मीडियम, बाबा त्याला झोपताना पहिलं पुस्तक वाचून दाखवतात आणि त्यांचा नियम असा की पुस्तक संपल्याशिवाय सिनेमा नाही. त्यामुळे तो आता 'अजून किती पानं राहिली' एवढंच विचारतो. सहा वर्षांची धाकटी मधेच येऊन बसते, तिला अर्धं कळतं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही पण गोष्ट त्यांनाही हवीये. आणि सासरे रिटायर्ड शिक्षक, नोकरीत असताना अंनिसचं काम केलेले, ते म्हणतात आम्ही गावोगाव बुवांचे चमत्कार उघडे पाडत फिरलो आणि आता नातू घरात काठी फिरवत मंत्र म्हणतोय. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून सिनेमा बघावा असं माझ्या मनात आहे. बघावा का, आणि आजोबांचं काय करू?
— एक आई, पुणे

उत्तर : आजोबांपासून सुरू करते, कारण या घरात हे पुस्तक सगळ्यात जास्त कोणाला आवडायला हवं तर त्यांनाच, फक्त त्यांना ते अजून कोणी सांगितलेलं नाहीये. दुसऱ्या भागात लॉकहार्ट नावाचे एक गुरुजी येतात. देखणे, सतत हसतमुख, स्वतःच्या पराक्रमांची पुस्तकं धडाधड खपवणारे, आणि शेवटी कळतं की सगळे पराक्रम दुसऱ्यांचे, यांनी फक्त त्या लोकांची स्मरणशक्ती पुसली आणि वर आपलं नाव टाकलं. आपल्याकडच्या कुठल्याही बुवाच्या शेजारी उभे करा, डिट्टो. तिसऱ्या भागात भविष्य शिकवणाऱ्या ट्रेलॉनी बाई आहेत, कपातल्या चहाच्या गाळात बघून दरवर्षी वर्गातल्या एखाद्या पोराचा मृत्यू सांगतात आणि पोरगं वर्षाच्या शेवटी ठणठणीत. हॅरीची मैत्रीण हर्मायनी त्यांच्या तासाला सरळ उठून निघून जाते ती परत येतच नाही. आता बाईंची एकदोन भाकितं पुढे खरी ठरतात, हे नातू बरोबर काढणार, तेव्हा आजोबांनी तयारीत राहावं, पण वाद घालायला याहून चांगला विषय जेवणाच्या टेबलावर कुठून मिळणार?

आणि पहिल्याच पुस्तकात त्यांच्यासाठी एक खास जागा आहे. एकूण प्रकरणं 17, त्यातलं सोळावं. शाळेत लपवलेल्या परिसापर्यंत पोचायला एकामागे एक अडथळे आहेत, त्यातला शेवटून दुसरा स्नेप सरांचा : टेबलावर सात बाटल्या, पुढे काळी आग, मागे जांभळी आग आणि एक कविता. हर्मायनी ती वाचून खूश होते, म्हणते ही जादू नाहीच, हा तर्क आहे, आणि मोठमोठ्या जादूगारांकडे नेमका तोच नसतो. सिनेमात हे सगळं उडवलंय! बुद्धिबळाचा सीन जोरदार केला, उडत्या किल्ल्या ठेवल्या, पण कागद वाचून डोकं चालवणारी पोरगी पडद्यावर दिसायला कंटाळवाणी वाटली असणार दिग्दर्शकाला. माझ्या मते पहिल्या भागातली ही सगळ्यात मोठी काटछाट, बाकीच्या मी माफ केल्यात.

तर हे घरी करून बघा. गंमत अशी की नुसतं पुस्तक वाचून कोडं पूर्ण सुटत नाही, कारण कुठली बाटली केवढी ते दिलेलं नाही, आपल्याला मांडावी लागते. ओट्यावरच्या सात वेगवेगळ्या बाटल्या-बरण्या घ्या, डावीकडून दुसरी सगळ्यात मोठी ठेवा, तिसरी सगळ्यात छोटी, बाकी कशाही. तिघींत विष, दोघींत साधी वाइन (आपण सरबत म्हणू), एक पुढे नेते, एक मागे. खुणा चार. सरबताच्या डाव्या अंगाला कायम विष असतं. दोन टोकांच्या बाटल्या एकमेकींपेक्षा वेगळ्या, पण दोघींपैकी पुढे नेणारी कुठलीच नाही. सगळ्यात मोठीत आणि सगळ्यात छोटीत विष नाही. आणि डावीकडून दुसरी नि उजवीकडून दुसरी यांच्यात एकच गोष्ट भरलीये. सुटतं, मी मांडून बघितलंय, उत्तर मुद्दाम देत नाही. आजोबांना पंच करा, मंत्राला बंदी, कारण सांगितल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही.

सासूबाईंसाठी मराठी पुस्तक आहे की, 'हॅरी पॉटर आणि परीस', मंजुल प्रकाशनाचं. आणून द्या, पण त्यांनी एकटीने वाचावं म्हणून नाही. रात्री बाबांनी जे प्रकरण इंग्रजीत वाचलं तेच दुसऱ्या दिवशी दुपारी आजीने मराठीत वाचायचं, म्हणजे धाकटीला राहिलेलं अर्धं कळतं आणि मोठा 'आज्जी, असं नाही म्हणत ते नाव' करत शेजारी येऊन बसतो. चांदोबातला वेताळ वाचत मोठ्या झालेल्या बाईला तीन डोक्यांचा कुत्रा काय जड जाणार, आणि पोरगा नकळत मराठी ऐकतो ते वेगळंच.

आता बाबांचा नियम. हेतू चांगला आहे पण काढून टाका, प्लीज. पुस्तक म्हणजे सिनेमाचं तिकीट झालं की मूल पानं मोजायला लागतं, आणि तुमचा मोजतोच आहे. सुट्टीची एक तारीख ठरवून टाका, तोवर होईल तेवढं वाचा, संपलं तर उत्तम, नाही संपलं तर तीन-चार प्रकरणं सिनेमानंतर वाचा, काही बिघडत नाही. उलट मग तो कान टवकारून ऐकतो की हे तर दाखवलंच नाही. पीव्हज नावाचं उपद्व्यापी भूत सिनेमात नाहीच. रात्री जंगलात शिक्षा भोगायला पुस्तकात हॅरीच्या वर्गातला नेव्हिल जातो, सिनेमात त्याच्या जागी हॅरीचा मित्र रॉन. आणि तो आरसा, ज्यात माणसाला मनातलं सगळ्यात हवंसं दिसतं, तिथे पुस्तकात हॅरी मुख्याध्यापक डंबलडोर सरांना विचारतो तुम्हाला काय दिसतं, तर ते म्हणतात हातात जाड लोकरीचे मोजे धरलेला मी. दरवर्षी लोक त्यांना नाताळात पुस्तकंच देतात हो! सिनेमात हे मोजे नाहीत. खोटं बोलत होते का सर? तुमचा मुलगा काय म्हणतो ते मला नक्की कळवा.

सिनेमा 2001 चा, 152 मिनिटांचा, सहा वर्षांच्या मुलीला एका बैठकीत फार होतो. दोन संध्याकाळी बघा, नाताळच्या सीनपाशी थांबवा. तिला घाबरवणाऱ्या जागा दोन, जंगलात युनिकॉर्नचं रक्त पिणारा तो बुरखेवाला आणि शेवटी क्विरल सरांच्या पगडीखालचा चेहरा. शेवट तर सिनेमात पुस्तकापेक्षा जास्त अंगावर येतो, पुस्तकात हॅरी बेशुद्ध पडतो आणि पुढचं आपण डंबलडोर सरांकडून ऐकतो, पडद्यावर मात्र क्विरल सरांची डोळ्यादेखत राख होते. धाकटीला पगडीचं गुपित आधीच सांगून टाका. मोठा बोंबलेल सस्पेन्स गेला म्हणून, बोंबलू दे. आणि दिवे चालू ठेवा, थिएटरचा फील वगैरे पुढच्या वर्षी. चौथ्या भागापासून मात्र चांगली माणसंही मरतात, तिकडे धाकटीला इतक्यात नेऊ नका, मोठ्यालाही घाई नको.

प्रश्न : माझी मुलगी 11 वर्षांची, आठही सिनेमे कितीदा बघून झालेत. आता पुस्तक पुढे केलं की म्हणते, आई मला स्टोरी माहितीये. सोडून देऊ का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिलं पुस्तक देताय ना? तिथेच चुकतंय, त्यात तिला नवीन सगळ्यात कमी मिळणार. थेट तिसरं द्या. तो जादूचा नकाशा ज्यांनी काढला त्या चौघांची टोपणनावं सिनेमात आहेत पण ते चौघे कोण हे सिनेमा सांगतच नाही, तिला विचारून बघा, माहीत नसेल तर चिडेल आणि वाचेल. मग चौथं. त्यात हर्मायनी घरगडी एल्फ लोकांच्या हक्कांसाठी चक्क संघटना काढते, बिल्ले विकते, सगळे तिला हसतात, आणि हे अख्खं प्रकरण सिनेमातून गायब. 11 वर्षांच्या मुलीला यापेक्षा काय हवं! पाचवं सगळ्यात जाड, ब्रिटिश आवृत्तीत 766 पानं, आणि सिनेमा 138 मिनिटांत आटोपलाय, म्हणजे पहिल्यापेक्षाही छोटा. तो आकडा तिला नुसता सांगा आणि पुस्तक टीव्हीशेजारी ठेवून द्या, हातात देऊ नका.