वास येण्याआधी भोंगा वाजायला हवा

मागच्या अंकात स्वयंपाकघरातल्या सुरक्षेबद्दल लिहिताना गॅस लीक डिटेक्टरचा नुसता एका ओळीत उल्लेख केला होता, तर त्यावरच इतके प्रश्न आले की या वेळचं सदर अख्खं त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, थोडे छाटलेत.

प्रश्न : आईबाबा दोघंच राहतात. बाबा पंच्याहत्तरीचे, गेली दोन वर्षं त्यांना वास नीट येत नाही. परवा शेगडीचं बटण अर्धवट उघडं राहिलं, आई बाहेर गेलेली, बाबा शेजारच्याच खोलीत वाचत बसलेले आणि त्यांना पत्ताच नाही. आई परत आली म्हणून कळलं. मला मोबाइलवर मेसेज येईल असा डिटेक्टर घ्यायचाय पण मॉडेल इतकी आहेत की काही सुचेना. काय बघून घेऊ?

ताई, वाचूनच पोटात गोळा आला. आणि यात बाबांची काही चूक नाही हो. गॅसला स्वतःचा वास नसतोच, तो जो घाण वास येतो तो मर्कॅप्टनचा, मुद्दाम मिसळलेला. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत बिनवासाचा गॅस साठून स्फोट झाला, जवळपास ३०० जीव गेले, त्यात बहुतेक मुलं होती, आणि त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळायचे कायदे झाले. म्हणजे ही सगळी व्यवस्था आपल्या नाकाच्या भरवशावर आहे, आणि वयाने किंवा आजारपणाने नाक गेलं की त्या माणसापुरती ती संपली. चांगलं नाक असलेल्यालाही तोच वास बराच वेळ आला की पुढे जाणवेनासा होतो, आणि गाढ झोपेत वासाने जाग येईल याची तर काहीच खात्री नाही.

आता घेताना. पहिला प्रश्न वायफायचा नाही, घरात गॅस कुठला येतो हा. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात, पाइपलाइनने येतो तो बहुतेक ठिकाणी मिथेन असतो, पण काही इमारतींत पाइपमधूनसुद्धा सिलिंडरवालाच गॅस फिरवलेला असतो, त्यामुळे अंदाज न करता गॅस देणाऱ्यांनाच विचारून घ्या. डिटेक्टर त्याच गॅससाठी बनवलेला हवा. मग खोक्यावर घरगुती डिटेक्टरचं मानक छापलंय का ते बघा, युरोपचं ईएन ५०१९४ किंवा अमेरिकेचं यूएल १४८४ किंवा तुमच्या देशात जे लागू असेल ते. ईएन ५०१९४ मध्ये ए आणि बी असे दोन प्रकार असतात, बी म्हणजे नुसता भोंगा आणि दिवा, ए मध्ये त्याच्या जोडीला गॅसचा पुरवठा तोडणारा व्हॉल्व्ह बंद करायला सिग्नल देण्याची सोय असते. तुमच्या बाबांसाठी मी डोळे झाकून ए घेईन आणि व्हॉल्व्ह जोडून घेईन, कारण मेसेज तुम्हाला येईल हो, पण बटण बंद करायला तुमचे हात तिथे नाहीत. व्हॉल्व्ह गॅससाठीच बनवलेला हवा आणि बसवायचा तो गॅसच्या माणसाकडूनच, प्लंबरकडून नाही. एकदा बंद पडला की हाताने उघडल्याशिवाय उघडणार नाही असाच घ्या.

भोंगा यंत्राचा स्वतःचा असला पाहिजे, ८५ डेसिबलच्या आसपास, आणि बाबांना ऐकायला कमी येत असेल तर दार लावून झोपल्यावर ऐकू येतो का ते घरी गेल्यावर करून बघा. वायफाय सगळ्यात शेवटी. बहुतेक डिटेक्टर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावरच चालतात त्यामुळे राउटरवर ते चालू आहे ना बघा, आणि अॅपमध्ये तुमच्या एकटीचा नंबर ठेवू नका, शेजारच्या विश्वासातल्या कुणाचातरी टाकाच. आमच्याकडे राउटर बदलला, पासवर्ड बदलला, आणि डिटेक्टर तीन महिने ऑफलाइन होता. हिरवा दिवा चालू होता म्हणून कुणाला शंकाच आली नाही. तेव्हापासून दर महिन्याला मी अॅप उघडून बघते.

प्रश्न : आमच्याकडे सिलिंडर आहे. इलेक्ट्रिशियनने डिटेक्टर शेगडीच्या वर, चिमणीच्या बाजूला, साधारण सहा फुटांवर लावलाय. म्हणतो धूर वर जातो तसा गॅसपण वरच जाणार. बरोबर आहे का?

नाही, आणि तो खाली आणेपर्यंत तुमच्याकडे डिटेक्टर नाहीच असं धरून चाला. धूर वर जातो कारण तो गरम असतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड आहे, प्रोपेन दीडपट आणि ब्युटेन दुप्पट. तो सांडलेल्या पाण्यासारखा वागतो, ओट्यावरून खाली उतरतो, फरशीवर पसरतो, ट्रॉलीच्या खाली, फ्रिजच्या मागे, कोपऱ्यात जाऊन बसतो.

एक हिशोब करून दाखवते. ३ मीटर बाय अडीच मीटरचं स्वयंपाकघर धरा, उंची २.७ मीटर. हवेत साधारण २ टक्के गॅस झाला की तो पेट घेऊ शकतो. पूर्ण खोलीत सारखा मिसळून २ टक्के व्हायला सुमारे ४०० लिटर गॅस लागेल, म्हणजे जवळपास ९०० ग्रॅम. पण तो सारखा मिसळतच नाही ना! खालच्या एका फुटातच राहिला तर तिथे २ टक्के व्हायला १०० ग्रॅम पुरतात. म्हणजे तुमच्या पायाशी पेट घेण्याइतका गॅस झालेला असेल आणि सहा फुटांवरचं यंत्र आपलं हिरवा दिवा दाखवत बसलेलं असेल.

तर फरशीपासून १० ते ३० सेंटिमीटर, एवढ्यातच लावा. शेगडी आणि सिलिंडरपासून आडवं अंतर साधारण दीड ते तीन मीटर, अगदी खेटून नको. बंद ट्रॉलीच्या आत नको, दाराच्या किंवा खिडकीच्या झोतात नको, पुसताना फडक्याचं पाणी उडेल तिथे नको. आणि समोर पोतं, बादली, कचऱ्याचा डबा येऊ देऊ नका, हे सगळ्यात अवघड जातं कारण खालची जागा रिकामी दिसली की घरात कुणीतरी काहीतरी ठेवतंच.

पाइपलाइनचा मिथेन असेल तर बरोबर उलटं. तो हवेच्या जेमतेम निम्म्या वजनाचा, वर जातो, त्यामुळे छतापासून ३० सेंटिमीटरच्या आत आणि दाराखिडकीच्या वरच्या चौकटीपेक्षा उंच. कंपनीच्या माहितीपत्रकात यापेक्षा वेगळी मापं दिली असतील तर ती धरा.

प्रश्न : डिटेक्टर उगाचच वाजतो. सासूबाई वैतागून प्लग काढून ठेवतात. खराब आहे का?

बहुतेक खराब नसावा. घरगुती डिटेक्टरमध्ये जास्त करून टिन ऑक्साइडचा सेन्सर असतो, नाओयोशी तागुची या जपानी संशोधकाने १९६२ मध्ये याचं पेटंट घेतलं. आतला कण गरम ठेवलेला असतो आणि जळणारा वायू लागला की त्याचा विद्युतरोध घटतो, एवढंच त्याला कळतं. गॅस आणि सॅनिटायझर यातला फरक त्याला तितकासा कळत नाही. झुरळांचा स्प्रे, डिओ, परफ्युम, स्पिरिट, रंगातला थिनर, कधी कढईतल्या तेलाच्या वाफासुद्धा. तेव्हा वाजण्याच्या आधीच्या दहा मिनिटांत घरात काय फवारलं ते आठवून बघा, दोनतीन वेळा लिहून ठेवलं की कारण सापडतं.

पण प्रत्येक वेळी आधी तो खरा आहे असं मानूनच रेग्युलेटर बंद करायचा, कारण नंतर शोधायचं. सासूबाईंना ओरडू नका, सतत वाजणाऱ्या यंत्रावरचा विश्वास कुणाचाही उडेल, जागा बदलून बघा. आणि प्लग काढून परत लावला तर सेन्सर गरम व्हायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ तो आंधळाच असतो. लाइट गेल्यावर काय होतं तेही बघा, हा सेन्सर करंट बराच खातो त्यामुळे बॅटरी बॅकअप नसेल तर तो सरळ बंद पडतो.

प्रश्न : मी डिटेक्टर स्मार्ट प्लगला जोडून असं सेट केलंय की गॅस लीक झाला की एक्झॉस्ट फॅन आपोआप चालू होईल आणि स्वयंपाकघरातला लाइट लागेल. मित्रांना आवडलं. अजून काय जोडता येईल?

दादा, हे आजच काढा. रागावून म्हणत नाहीये, डोकं चांगलं लावलंत, पण काम नेमकं उलटं झालंय.

गॅस पेटायला ठिणगी किती लागते माहितीये? एक चतुर्थांश मिलिज्यूल. कोरड्या हवेत दाराच्या कडीला हात लावल्यावर जो बारीक चटका बसतो ना, त्यात याहून जास्त ऊर्जा असते. स्मार्ट प्लगमधला रिले, म्हणजे आतला छोटा स्विच, टक् करून बसतो तेव्हा, फॅन सुरू होतो तेव्हा, ठिणगी पडू शकते. डिटेक्टर पेट घेण्याच्या पातळीच्या साधारण २०-२५ टक्क्यांच्या आतच वाजतो हे खरं, पण ती पातळी डिटेक्टरच्या जागेची, गळतीच्या जवळ किती आहे ते त्याला कुठे माहीत! त्यात फॅन असतो वर, म्हणजे फरशीवरचा गॅस तो पूर्ण खोलीतून ओढत स्वतःच्या मोटरपर्यंत आणणार. आणखी एक, प्रोपेन साधारण ९ टक्क्यांच्या वर गेला की हवा कमी पडून पेटत नाही, तिथे फॅनने हवा मिसळली की उलट तो पेटण्याजोगा होतो.

जोडायचंच असेल तर व्हॉल्व्ह जोडा, गळती मुळातच थांबेल. फॅन, लाइट, मोटर, काहीही चालू होईल असं ठेवू नका. आणि आपोआप बंद होईल असंही नको, ठिणगी बंद करतानाही पडते.

प्रश्न : ऑफिसात असताना फोनवर अलर्ट आला आणि घरात कुणी नसलं तर नेमकं काय करायचं?

अॅपमधून घरातलं काहीच चालू-बंद करू नका, कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणून लाइट लावायचा मोह होतो, तो आवरा. व्हॉल्व्ह असेल तर तो बंद झाल्याचं अॅपमध्ये दिसतंय का एवढंच बघा. मग शेजाऱ्यांना फोन, आणि त्यांना पहिलं वाक्य हे सांगायचं की बेल वाजवू नका. बेलचं बटण बाहेर असलं तरी घंटा आत असते. आत मुलं किंवा कामाच्या ताई असण्याची शक्यता असेल तर हाताने दार ठोठवायचं. मग गॅस कंपनीचा आपत्कालीन नंबर आणि अग्निशमन दल. हे नंबर आत्ता फोनमध्ये सेव्ह करा, तेव्हा शोधत बसायला सुचत नाही.

घरात असताना वाजला तर रेग्युलेटर बंद, दारंखिडक्या उघड्या, कुठल्याही बटणाला हात नाही, सगळ्यांना घेऊन बाहेर, आणि फोन बाहेर गेल्यावरच करायचा. वास खूप असेल तर रेग्युलेटरपर्यंतही जाऊ नका, सरळ बाहेर पडा.

प्रश्न : चालतो की नाही ते लायटरचा गॅस सोडून तपासलं तर चालेल?

करू नका. लायटरमधला ब्युटेन एकदम खूप बसतो आणि सेन्सरची संवेदना बिघडू शकते, बऱ्याच कंपन्या हे नको असं सांगतात. टेस्ट बटण दर आठवड्याला दाबा, पण त्याने भोंगा आणि सर्किट तपासलं जातं, सेन्सर नाही. सेन्सरसाठी ठरलेल्या मात्रेचा टेस्ट गॅस मिळतो, नाहीतर कंपनीच्या माणसाकडून करून घ्या. आयुष्य साधारण ५ वर्षं, काहींचं जास्त, मागे बदलायची तारीख लिहिलेली असते. ती गेली की वाजत असला तरी बदला.

प्रश्न : बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. हाच डिटेक्टर तिथलंही बघेल ना?

नाही हो, हा गैरसमज जीवघेणा आहे. गीझरचा मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा, बंद जागेत ज्योतीला हवा कमी पडली की तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते आणि माणसाला वाटतं पित्त झालं. त्यासाठी वेगळा डिटेक्टर लागतो, मानक ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४. तो वायू जवळपास हवेइतकाच जड असल्यामुळे हे यंत्र फरशीजवळ लावत नाहीत, साधारण श्वासाच्या उंचीला लावतात. आणि यंत्र लावलं तरी गीझर मुळात बाथरूमच्या बाहेर, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपसकटच हवा.

प्रश्न : डिटेक्टर लावला म्हणजे नळी तपासायची गरज नाही ना आता?

आहे. बारीक गळती डिटेक्टरपर्यंत पोचण्याआधी वाऱ्याने विरून जाते, वाजतच नाही. वाटीत पाणी घ्या, भांड्याच्या साबणाचे चारपाच थेंब टाका, जुन्या ब्रशने फेस करा. शेगडीची बटणं बंद, रेग्युलेटर चालू. आता नळी रेग्युलेटरला जिथे चढते त्या कड्याभोवती फेस लावा आणि नुसतं बघत बसा, अर्धा मिनिट तरी. साधा फेस हळूहळू बसत जातो. गळती असेल तर एकाच जागी बुडबुडा टम्म फुगतो, फुटतो, आणि परत तिथूनच दुसरा वर येतो. मी मागच्या महिन्यात आमच्याच शेगडीच्या बाजूला हे बघितलं, मोहरीएवढा बुडबुडा होता, वास अजिबात नव्हता. नळी वाकवून तिच्यावर बारीक चिरा दिसतात का तेही बघा, तिच्यावर छापलेली तारीख वाचा. बुडबुडा दिसला तर रेग्युलेटर बंद करून नळी बदलून घ्या, आणि नवी बसवून झाली की तो माणूस जायच्या आत त्याच्यासमोरच परत एकदा फेस लावून बघा.