पॉलिमर क्लेचे मणी तडकतात, आयपिन उपटून येते. माळ टिकाऊ कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की लातूरला घरीच पॉलिमर क्लेची (भाजल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीची) बोरमाळ केली, १२ मिमीचे मणी ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, २० मिनिटं भाजले, पण आठवड्यात दोन मणी तडकले आणि पदकातली आयपिन (एका टोकाला गोल कडी असलेली तारेची पिन) उपटून हातात आली. क्ले खराब निघाली का, हा तुमचा प्रश्न. मला तसं वाटत नाही. मणी कच्चे राहिलेत आणि पिन चुकीच्या पद्धतीनं बसलीय.

आधी पिनेचं बघू, कारण माळ तुटते ती बहुतेक वेळा तिथंच. पॉलिमर क्ले धातूला चिकटत नाही. भाजल्यावर ती पिनेभोवती फक्त घट्ट बसते, त्यामुळं सरळ पिन खुपसली असेल तर थोडी ओढ बसली की ती तशीच सरळ बाहेर येते. पदक निदान ५ मिमी जाड ठेवा. पिनेचं आत जाणारं टोक पकडीनं आकड्यासारखं वळवा किंवा नागमोडी करा, ८-१० मिमी आत घाला आणि वरची क्ले दोन्ही बाजूंनी दाबून फट बुजवा. मग भाजा. मण्यात तर पिन पुरूच नका. आरपार भोक पाडा आणि तार या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ द्या. ओढ सगळी तारेनं घेतली पाहिजे, मण्यावर ती येताच कामा नये.

तार घेताना नुसता गेज (जाडीचा नंबर) सांगू नका. परदेशी व्हिडिओतली २० गेज म्हणजे ०.८१ मिमी, पण आपल्याकडं बऱ्याच दुकानांत ज्या मापानं तार मिळते त्यात २० नंबर ०.९१ मिमीची असते. मिमीतच मागा: कड्यांसाठी ०.८, बारीक वेढ्यांसाठी ०.४ ते ०.५, हूक स्वतः वळवणार असाल तर १ मिमी. सरावासाठी महागडी तार लागत नाही. विहिरीच्या मोटारी रिवाइंड करणारी दुकानं प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत, तिथं तांब्याची वाइंडिंग वायर वजनावर मिळते. ती मऊ असते, हात बसायला चांगली. हुकासाठी मात्र नको, ओढीनं उघडते.

कडी पक्की कशी होते ते सांगतो. मण्यातून तार बाहेर काढून वर ३ सेंमी सोडा. मण्यापासून २ मिमीवर गोल टोकाच्या पकडीनं धरून काटकोनात वाकवा. पकड त्या कोपऱ्यात ठेवून तार वरून फिरवा, म्हणजे गोल तयार होईल. आता गोल सपाट पकडीत धरा आणि उरलेलं टोक त्या २ मिमीच्या मानेवर तीन वेढे देऊन गुंडाळा. जास्तीची तार कापा आणि कापलेलं टोक आत दाबा, नाहीतर साडीच्या पदराचे धागे निघतात. पुढची कडी गुंतवायची असेल तर वेढे देण्याआधी गुंतवा. जंप रिंग (दोन भाग जोडणारी, एका जागी फट असलेली छोटी कडी) उघडताना टोकं एकमेकांपासून लांब ओढू नका. दोन पकडी घेऊन एक टोक पुढं, एक मागं असं फिरवा. ओढून उघडलेली रिंग परत नीट मिटत नाही आणि त्या फटीतूनच हूक निसटतो.

आता भाजणं. पाकिटावर जे तापमान असेल तेच धरा. काही ब्रँड ११०, काही १३० अंशांचे आहेत. साधा हिशोब ६ मिमी जाडीला ३० मिनिटं, म्हणजे तुमच्या १२ मिमीच्या मण्यांना तासभर तरी वेळ हवा. ओटीजीच्या डायलवर विसंबू नका, १५-२० अंशांचा फरक सहज असतो. आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या, या सगळ्या खर्चात तो सर्वांत उपयोगी. मणी विणायच्या सुईवर किंवा जाड तारेवर ओवून ट्रेच्या दोन कडांवर अधांतरी ठेवा, म्हणजे खालून चपटे होत नाहीत. वरून अॅल्युमिनियम फॉइलचं छप्पर केलं की फिकट रंग तांबूस पडत नाहीत. मध्येच लाईट गेली तर घाबरू नका, आल्यावर पुन्हा पूर्ण वेळ भाजा. दुसऱ्यांदा भाजल्यानं क्ले बिघडत नाही. मायक्रोवेव्ह आणि गॅसवरची कढई दोन्ही टाळा. क्ले करपून धूर आला तर तो विषारी असतो. ओटीजी बंद करून खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर पडा. ट्रे आणि भांडी स्वयंपाकाची वापरू नका.

दरवेळी मण्यांसोबत २ मिमी जाडीची एक पट्टी भाजा. गार झाल्यावर वाकवा. वाकून परत सरळ झाली तर मणी पक्के, कट्कन तुटली तर आणखी भाजा.

सगळे मणी सारखे व्हायला अंदाज नको. क्ले ५-७ मिनिटं चांगली तिंबा, पण घड्यांत हवा कोंडू देऊ नका, भाजल्यावर तिचेच फोड येतात. १० मिमी जाडीची वळी करा, आलेखाच्या कागदावर ठेवून दर १२ मिमीला कापा आणि गोळ्या वळा. प्रत्येक मणी सुमारे १२ मिमीचा होईल. बोराचा आकार हवा असेल तर तळहातात हलकेच लांबवा. १८ इंची माळेला मध्ये ४ मिमीचे धातूचे मणी घेतले तर असे २६-२८ मणी लागतात, ५७ ग्रॅमचं एक पाकीट जेमतेम पुरतं. भोक पाडण्याआधी मणी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मग दाभण गोल फिरवत एका बाजूनं टोक दिसेपर्यंत आणि उरलेलं दुसऱ्या बाजूनं.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४० च्या वर असतो. पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या गाडीत ठेवलेली क्ले पाकिटातच अर्धवट भाजल्यासारखी होते आणि तिंबताना चुरा पडतो. ती फ्रीजमध्येच ठेवा. हाताला फार चिकटत असेल तर कोऱ्या कागदांत तासभर दाबून ठेवा, जास्तीचं तेल कागद ओढून घेतो.

चमक हवी म्हणून नेलपॉलिश लावू नका, काही दिवसांत मणी चिकट होतात. ४००, ६००, १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा आणि जीन्सच्या कापडानं चोळा.

माळ पटवेकऱ्याकडून गोंड्याच्या दोऱ्यात ओवून घ्यायची असेल तर भोक २ मिमीचं ठेवा. दोरा दुहेरी जातो, तारेसाठी पाडलेल्या भोकात तो शिरत नाही.