मशीन अकोल्यात, पिशवी घरात

प्रश्न : नमस्कार डॉक्टर ताई, आम्ही संग्रामपूर तालुक्यातले, खारपाण पट्ट्यातले, इथं जमिनीतलं पाणीच खारं. माह्या बाबाच्या दोन्ही किडन्या गेल्या. दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा त्याईले अकोल्याले डायलिसिसले नेऊन राहिलो. पहाटेची एसटी धरतो, घरी याले रात्र होते. डायलिसिस फुकट हाय पण तिकीट, चहापाणी अन् माही बुडालेली मजुरी यातच घर बसून राहिलं. तिथं एका पेशंटच्या पोरानं सांगतलं का पोटातून डायलिसिस घरीच करता येते. आमचं घर मातीचं, वर टिना, लाइनीचा भरोसा नाही. जमते का हे? अन् आम्हाले आतापर्यंत कोणी सांगतलं काऊन नाही?

उत्तर : दादा, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मला प्रत्येक गावात ऐकू येतो आणि दरवेळी वाईट वाटतं. जगात डायलिसिसवरच्या दर शंभर माणसांत जेमतेम अकरा जण पोटाच्या डायलिसिसवर आहेत, काही देशांत तर ते मिळतच नाही. आपल्याकडे केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला तो मशीनवरच्या डायलिसिसचाच, पोटाच्या डायलिसिसच्या सूचना राज्यांना २०१९ मध्ये मिळाल्या. त्यामुळे जिल्ह्यात मशीन आली, त्यावर माणसं आली, पण घरी पिशव्या पोचवणं, नर्सने पेशंटला शिकवणं, फोनवर विचारपूस करणं ही घडी बऱ्याच ठिकाणी बसलीच नाही, आणि जे आपल्या हॉस्पिटलात होत नाही ते पेशंटला सांगायचं राहून जातं. हे चूक आहे. दोन्ही पर्याय पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजेत.

आता जमतं का ते. आपल्या पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो, तोच इथे गाळणीचं काम करतो. छोटं ऑपरेशन करून पोटात एक मऊ नळी बसवतात, जखम भरली की त्या नळीतून साधारण दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं, चार-सहा तास राहू द्यायचं, मग खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. असं दिवसातून तीन-चार वेळा, दरवेळी अर्धा-पाऊण तास. पिशवी खुंटीला उंच टांगली की पाणी आपोआप उतरतं, म्हणजे लाइन नसली तरी चालतं. मशीनवर एका वेळेला शंभराहून जास्त लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, इथे तेही नाही, आणि खारपाण पट्ट्यात ही किती मोठी गोष्ट आहे ते तुम्हाला मी काय सांगू.

मातीच्या घराचं म्हणाल तर घर मातीचं असणं अडचण नाही, धूळ अडचण आहे. एक कोपरा ठरवा, शक्य तर तिथे फरशी किंवा ताडपत्री टाका, कापूस, कडबा, शेळ्या-कोंबड्या त्या खोलीत नको. पिशवी बदलताना दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. हात साबणाने नीट धुवून पूर्ण कोरडे करायचे. खाऱ्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही म्हणून लोक कंटाळा करतात, तो इथे चालणार नाही, हातासाठी गोड्या पाण्याची वेगळी कळशी ठेवा. टिनाखाली मे महिन्यात पिशव्या तापतात, म्हणून त्या घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीपासून थोड्या उंच, आणि पिशवीवर किती तापमान छापलंय ते बघूनच ठेवायच्या.

सगळ्यात मोठी भीती पोटात इन्फेक्शन व्हायची. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं, पोट दुखलं, ताप आला, यातलं एक जरी झालं तरी सकाळची वाट पाहायची नाही, लगेच फोन आणि लगेच दवाखाना, ती गढूळ पिशवी फेकू नका, सोबत न्या. बाबांना शुगर असेल तर तेही आधी सांगा, कारण या पाण्यात साखर असते. पोटाची मोठी ऑपरेशनं झाली असतील किंवा हर्निया असेल तर हे कधी कधी जमत नाही, ते किडनीचे डॉक्टर तपासून ठरवतील.

खेड्यातल्या माणसाला हे झेपत नाही असं कोणी म्हटलं तर मला मान्य नाही. हाँगकाँगने १९८५ पासून हेच डायलिसिस पहिलं ठेवलं. थायलंडने २००८ मध्ये सरकारी योजनेत ते आधी देणं सुरू केलं, पिशव्या पोस्टाने घरी जायच्या आणि त्यात भातशेती करणारी माणसंही होती. २०२२ मध्ये तिथे पेशंटला निवडीची मोकळीक दिली, तेही बरोबरच केलं. आपल्या आशाताई हे शिकू शकत नाहीत का?

पैशाचं मात्र आधी पक्कं करा. पिशव्या रोज लागणार, एक दिवसही चुकवता येत नाही, म्हणून नळी बसवायच्या आधी आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात सरकारी योजनेची मदत करणारा माणूस) आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या ऑफिसात स्पष्ट विचारा की पिशव्या कोणत्या योजनेतून, किती आणि कुठे मिळणार. जमलं तर कागदावर लिहून घ्या. उत्तर मिळेपर्यंत अकोल्याचं डायलिसिस एकदाही चुकवू नका.

प्रश्न : माझे मिस्टर पोटाच्या डायलिसिसवर आहेत, रोज चार पिशव्या. आम्ही एटापल्लीकडचे, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी येत नाही. पिशव्या पुरवायला चारच्या तीन केल्या तर चालेल का?

उत्तर : ताई, मनाने नाही. अंगात पाणी साचून दम लागू शकतो. कमी करायची वेळ आलीच तर डॉक्टर त्यांची लघवी, वजन, सूज बघून सांगतील. ही अडचण फक्त आपल्या नाल्यापलीकडची नाही, सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत वादळाने हे पाणी बनवणारा एक मोठा कारखाना बुडाला तर तिथेही पिशव्या मोजून द्यायची वेळ आली होती. जिथे हे पाणी थोड्याच कारखान्यांतून येतं तिथे असंच होणार. तुम्ही मृगाच्या आधीच जास्तीचा साठा मागून घेत जा. आणि आत्ता घरात किती पिशव्या उरल्यात त्या मोजा, चारने भागा, तेवढेच दिवस हातात आहेत असं नर्सला आजच फोन करून सांगा.