पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या पाणबुड्या युद्धात कामाला आल्या का?

तुम्ही विचारलंय की पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिशांकडे ज्या पेट्रोल इंजिनाच्या पाणबुड्या होत्या, त्यांनी काही केलं की नुसत्या बंदरात उभ्या राहिल्या? बहुतेकींचं आयुष्य किनारा राखण्यात गेलं. पण बी-11 मात्र माझी लाडकी, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

1906 सालची ही बोट, लांबी जेमतेम 43 मीटर. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेली आयएनएस कुरसुरा मी आतून पाहिली आहे. ती 91 मीटरची, तरी मला कधी एकदा बाहेर पडतोय असं झालं होतं. बी-11 मध्ये तर पंधरा माणसं, पुढे टॉर्पेडोच्या दोन नळ्या, पाण्यावर पेट्रोल इंजिन आणि पाण्याखाली बॅटरी. बंद जागेत पेट्रोलची वाफ साठली की काय होतं हे 1905 मध्येच कळलं होतं. ए-5 या तिच्या थोरल्या बहिणीत स्फोट होऊन सहा जण गेले.

13 डिसेंबर 1914 ला हीच बोट तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीत शिरली. तिची निवड का झाली, तर तिच्या बॅटऱ्या नव्या होत्या. कप्तान लेफ्टनंट नॉर्मन होलब्रूक, वय 26. समोरून येणारा प्रवाह जोराचा, आणि वाटेत पाण्यात तारांनी बांधून ठेवलेल्या सुरुंगांच्या पाच रांगा. सुरुंगांच्या तारा अडकू नयेत म्हणून बोटीच्या बाहेर आलेल्या भागांना लोखंडी कठडे बसवले होते. सुरुंगांच्या खालून सरकत ती पलीकडे गेली, तर समोर 'मेसुदिये' नांगर टाकून उभी. 1874 सालची, नंतर डागडुजी केलेली तुर्की युद्धनौका. एका टॉर्पेडोत ती दहाएक मिनिटांत कलंडली आणि 37 खलाशी गेले. पाणी उथळ असल्यामुळे आत अडकलेल्या बऱ्याच जणांना नंतर तळाला भोकं पाडून बाहेर काढता आलं.

खरी परीक्षा परतताना होती, असं मला वाटतं. होकायंत्राच्या भिंगावर वाफ धरल्याने दिशाच कळेना. बोट तळाला घासली, वरचा मनोरा पाण्याबाहेर आला आणि किनाऱ्यावरून तोफा सुरू झाल्या. तरी ती निसटली. पाण्याखाली एकूण नऊ तास!

होलब्रूकला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पाणबुडीवाल्यांमधला पहिला. बाकीच्या सगळ्यांनाही पदकं मिळाली. तुर्कांनी मात्र मेसुदियेच्या तोफा काढून किनाऱ्यावर बसवल्या, म्हणजे नुकसान वाटतं तेवढं नव्हतं. बी-11 चं पुढे 1917 मध्ये साध्या गस्तीच्या बोटीत रूपांतर झालं आणि 1919 मध्ये ती इटलीत विकली गेली.

गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियात जर्मनटन नावाचं एक गाव होतं. जर्मनांशी युद्ध चालू असताना ते नाव गावाला नकोसं झालं, म्हणून 1915 मध्ये त्यांनी 'होलब्रूक' केलं. समुद्र तिथून पार लांब, तरी आज गावातल्या बागेत एका खऱ्या पाणबुडीचा वरचा भाग मांडून ठेवलेला आहे.