एचबीए१सी ६.१ आलंय, आता खायचं काय?

भाऊ, घाबरू नका. एचबीए१सी ही रक्तातल्या साखरेची तपासणी, तिच्यात ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहपूर्व अवस्था आहे, इथून मागे फिरता येतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढंच उद्दिष्ट होतं. हे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं.

तर्री पोहे सोडा असं मी म्हणणार नाही. पोहे अर्धे घ्या, तर्रीतले चणे जास्त मागून घ्या, वरची शेव नको. चण्यातल्या प्रथिनांमुळे अन् तंतूंमुळे साखर हळू चढते. जेवतानाही आधी भाजी, वरण, मग भाकरी-भात. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण चार खाल्ल्या तर तिचीही साखरच होते, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही! संत्र्याचा रस काढू नका, फोडी खा. संत्रा बर्फी सणापुरती.

रात्री जेवून लगेच आडवं होऊ नका, पंधरा मिनिटं तरी चाला.

आणि दर आठवड्याला एचबीए१सी तपासू नका. ती मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी असते. तीन महिन्यांनी करा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.