'न्यूट्रल' म्हणजे 'तटस्थ'?

परळच्या एका ताईंनी विचारलंय: कोलंबियातल्या सान होसे दे आपार्तादो या गावावरच्या माहितीपटाला त्या मराठी उपशीर्षकं लिहितायत. इंग्रजीत तिथल्या शेतकऱ्यांना जागोजाग 'न्यूट्रल' म्हटलंय. तिथे 'तटस्थ' चालेल का?

ताई, कोशाप्रमाणे चालेल. मला मात्र तो शब्द तिथे अजिबात पटत नाही.

तटस्थ म्हणजे तटावर, काठावर उभा असलेला. पाण्यात कोण बुडतंय ते त्याला दिसतं, पाय मात्र कोरडे. जुन्या मराठीत 'तटस्थ झाला' म्हणजे आश्चर्यानं जागच्या जागी थिजला. त्यातून आपल्याकडे 'तट' म्हणजे फळीसुद्धा. आमच्या चाळीत नळाच्या वेळेवरून दोन तट पडले तेव्हा आजी कळशी घेऊन नळापाशीच उभी राहायची आणि दोन्हीकडच्या बायकांना सांगायची, "मी कुणाच्याच तटात नाही, पण पाणी भरल्याशिवाय हलायची नाही." आजीला कुणी तटस्थ म्हटलं नाही. भांडण तिचं नव्हतं, पण जागा तिची होती.

सान होसेचं तसंच आहे. नव्वदच्या दशकात एकीकडे लष्कर होतं, दुसरीकडे फार्क या डाव्या संघटनेचे गनिमी बंडखोर, तिसरीकडे उजव्या सशस्त्र टोळ्या. (या टोळ्यांना 'निमलष्करी दलं' म्हणू नका, मराठी वाचकाला सीआरपीएफ आठवेल.) २३ मार्च १९९७ रोजी गावकऱ्यांनी जाहीर केलं: हत्यार बाळगणार नाही, लढाईत थेट किंवा आडून भाग घेणार नाही, कुठल्याही बाजूला खबर देणार नाही. इथे 'माहिती' नको, 'खबर'च हवं. आपल्या गडचिरोलीत 'खबऱ्या' असा शिक्का बसला की माणसाच्या जिवावर बेततं, हे आपण जाणतो.

हा नकार त्यांना फार महाग पडला. २१ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांचा नेता लुइस एदुआर्दो गेर्रा याच्यासह आठ जणांना मारलं गेलं. त्यात तीन मुलं होती. नंतर सरकारनं गावात पोलीस ठाणं आणलं. बंदूकवाल्या कुणाच्याही शेजारी राहायचं नाही, म्हणून लोकांनी घरंदारं सोडली आणि जवळच सान होसेसितो वसवलं. तटस्थ माणूस असा घर सोडून जात नाही.

त्यांनी स्वतः घेतलेलं नाव 'कोमुनिदाद दे पास' आहे. त्याचं 'शांतता समुदाय' करू नका. आपल्या मुंबईत 'शांतता क्षेत्र' ही पाटी इस्पितळाबाहेर असते आणि तिचा अर्थ हॉर्न वाजवू नका एवढाच. ही माणसं गप्प बसलेली नाहीत. मेलेल्यांची नावं दगडांवर लिहून ठेवतात. 'शांतीचं गाव' म्हणा, शांती आणि शांतता यातला फरक मराठी कानाला लगेच कळतो.

आणि 'न्यूट्रल'च्या जागी? जेवण नाही, खबर नाही, आसरा नाही, कुणालाच नाही: याला आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीपासून शब्द आहे, असहकार. तुमच्या परळमध्येच, एल्फिन्स्टन मिलच्या आवारात, ३१ जुलै १९२१ रोजी परदेशी कापडाची होळी झाली ती याच चळवळीतली. तेव्हा असहकार एका सरकारशी होता, इथे तो बंदूक धरणाऱ्या प्रत्येकाशी आहे, एवढं उपशीर्षकात एकदा स्पष्ट करा. निवेदनात 'सगळ्याच बंदुकांशी असहकार' बसेल. शेतकरी स्वतः बोलतो तिथे मात्र त्याच्या तोंडी 'आम्ही कुणाच्याच तटातले नाही' असं साधं वाक्य द्या.